वेळासची वाळू आणि ओडिशाचा बिल्ला

मार्चअखेरीस रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर जायचं ठरलं तेव्हाच मुलांना सांगून ठेवलं होतं, ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवाची पिल्लं दिसतीलच असं नाही. सकाळी सातच्या आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास हॅचरीत, म्हणजे अंडी राखायच्या जाळीबंद जागेत, घरट्यांवरच्या टोपल्या उचलून बघतात. खाली पिल्लं असली तर समुद्रात सोडतात, नसली तर माणसं आल्या वाटेने परत जातात. ठरलेली वेळ फक्त टोपली उचलण्याची, पिल्लांची नाही. हवा तो व्हिडिओ हवा तेव्हा लावायची सवय असलेल्या मुलांना हे पचवणं जड जातं. मला त्यांना तिथेच न्यायचं होतं.

पुण्याहून ताम्हिणी घाट उतरलो, माणगावात मुंबई-गोवा महामार्ग लागला आणि गाडी अडली. या महामार्गाच्या चौपदरीकरणाचं काम २०११ पासून चालू आहे. लेक बारा वर्षांची. तिने हिशेब केला आणि विचारलं, "म्हणजे माझ्या जन्माआधीपासून?" हो म्हटलं. या रस्त्यावरच्या अपघाताची बातमी कधीच आली नाही असं घर कोकणात शोधून सापडायचं नाही. लेकीला त्याचा राग आला, आणि तो यायलाच हवा. आम्ही मोठी माणसं हा राग गिळायला शिकलो आहोत, हे काही चांगलं लक्षण नाही.

म्हसळ्यावरून बागमांडल्याला पोचलो. इथून गाडीसकट फेरीबोटीत चढायचं आणि बाणकोटची खाडी ओलांडून वेसवीला उतरायचं. सावित्री नदी इथेच समुद्राला मिळते. धाकटा कठड्याला धरून पलीकडचा किनारा जवळ येताना बघत होता. रेवस ते रेड्डी या सागरी महामार्गात या खाडीवरही पूल धरलेला आहे. सासूबाईंचं माहेर केळशीचं, त्यांना तो पूल हवाच आहे. फेरी बंद असली की पलीकडे जायला आंबेत-म्हाप्रळचा वळसा, आणि आजारपण काही फेरीचं वेळापत्रक बघून येत नाही. "तुम्ही दोन दिवस येता, तुम्हाला बोट छान वाटते," त्या म्हणाल्या. त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं. तरी या रस्त्याबद्दल एक काळजी वेळासच्या किनाऱ्यावर मनात येऊन बसली, ती पुढे सांगते.

बाणकोटचा किल्ला डावी-उजवीकडे वळणं घेत मागे पडला की थोड्याच वेळात वेळास. नाना फडणवीसांचं हे मूळ गाव. नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांच्यामधून जाणारी चिंचोळी पाखाडी, शेणाने सारवलेली अंगणं. हॉटेल नाही, गावातल्या घरांतच राहायची-जेवायची सोय होते. आम्ही उतरलो त्या काकूंनी दुपारी ओल्या काजूगरांची उसळ, आमटी-भात आणि सोलकढी वाढली. धाकट्याने सोलकढीची वाटी पुन्हा पुन्हा पुढे केली. जेवणं झाल्यावर काकूंनी वाडी दाखवली. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा या पट्ट्यातल्या पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. नवी पोफळ लावली तर फळाला यायला सहा-सात वर्षं जातात. काकूंनी लावलेली रोपं आता धाकट्याच्या डोक्याच्या बरीच वर गेली आहेत, पण सुपारी धरायची आहे अजून. "तोवर कासवांनीच हात दिला," त्या म्हणाल्या. फेब्रुवारी ते एप्रिल पाहुणे येतात, त्यावर घरखर्चाचा बराचसा भाग निघतो.

पन्नास-साठ वर्षांपूर्वी याच किनाऱ्यांवर काय चालायचं ते सासूबाईंनी मुलांना सांगितलं. मादी रात्री वर येऊन अंडी घालून गेली की सकाळी तिचा वाळूतला माग काढत लोक जायचे, काठीने खड्डा शोधायचे आणि अंडी टोपलीत भरून घरोघर विकायला यायचे. कोणाला त्यात वावगं वाटायचं नाही. वन्यजीव कायदा १९७२चा, पण कासव त्याने संरक्षित आहे हे कितीतरी वर्षं गावापर्यंत पोचलं नव्हतं. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेचे भाऊ काटदरे आणि त्यांचे सहकारी इथे काम करू लागले, त्यांनी गावातल्याच माणसांना सोबत घेतलं. अंडी शोधण्यात जे तरबेज होते तेच राखणीलाही तरबेज निघाले. माग ओळखण्याची नजर तीच होती. मला या सगळ्या गोष्टीत हे सगळ्यात मोलाचं वाटतं, आणि लेकीला मी ते मुद्दाम दोनदा सांगितलं.

पहिल्या संध्याकाळी टोपल्या रिकाम्या निघाल्या. दोरीमागे बसलेल्या गर्दीतून नाराजीचा सूर आला. एक गृहस्थ तर पैसे परत मिळतील का असं विचारत होते. धाकटा रडकुंडीला आला. मी त्याला समजवायच्या आत हॅचरीवरचे दादा जवळ आले आणि त्याला जाळीपाशी घेऊन गेले. प्रत्येक घरट्यापाशी तारखेची पाटी. मादी साधारण शंभर ते दीडशे अंडी घालते, ती कोल्ह्या-कुत्र्यांनी उकरू नयेत म्हणून पहाटे अलगद इथे आणून तशाच मडक्याच्या आकाराच्या खड्ड्यात ठेवतात. मग पंचेचाळीस ते साठ दिवस थांबायचं. वाळू जास्त तापली तर माद्या जास्त निपजतात, कमी तापली तर नर. म्हणजे उन्हाळे असेच वाढत गेले तर पुढे नरच कमी पडतील, ही भीती अभ्यासकांना आहे. लेक पाट्यांवरच्या तारखा वहीत उतरवून घेत होती. तिने बोटावर दिवस मोजले आणि एका घरट्याकडे बोट दाखवलं, "हे उद्या."

तसंच झालं. सकाळी तीच टोपली उचलली आणि खाली वाळू हलत होती. आधी एक काळं नाक, मग वल्ह्यासारखा एक पर, मग एकमेकांच्या पाठीवर चढत वर येणारी पिल्लं. बोटाच्या दोन पेरांएवढं एक पिल्लू, राखाडी-काळं, पाठीवर ओली वाळू चिकटलेली. ती थेट पाण्यात सोडत नाहीत, काही अंतर आधी वाळूवर ठेवतात. हा किनारा त्यांच्यात मुरावा, माद्या पुढे मोठ्या झाल्या की अंडी घालायला इथेच परत याव्यात म्हणून. चालताना पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम टाकायचा, की लगेच उलट जोडी. वाळूवर त्याची बारीक वेणी उमटत जाते. एक पिल्लू माणसाच्या पावलाने पडलेल्या खळग्यात उलटं पडलं. धाकटा उठू लागला, दादांनी मानेनेच नको म्हटलं. ते हात-पाय झाडत राहिलं, मान वाळूत रोवून सरळ झालं आणि पुन्हा निघालं. पहिली लाट आली, त्याला उचलून मागे टाकून गेली. दुसरीने नेलं.

फ्लॅश मारायचा नाही, हे सारखं सांगत होते. पिल्लं वाळूतून बाहेर आली की उजेडाकडे धावतात. अंधाऱ्या किनाऱ्यावर सगळ्यात उजळ दिसतो तो समुद्र, म्हणून त्यांची दिशा चुकत नाही. किनाऱ्यालगत दिवे लागले तर मात्र ती जमिनीकडे वळतात, आणि दिवस उजाडेस्तोवर कावळे-कुत्रे त्यांना ठेवत नाहीत. मघाची माझी काळजी ती हीच. सागरी महामार्ग होईल, व्हायला हवा. पण त्याच्यामागोमाग खांब, हॉटेलं, हेडलाइट येतील. समुद्राच्या बाजूने आडोसा असलेले, खाली तोंड केलेले, हंगामात रात्री मंद करता येणारे दिवे बसवणं काही अवघड काम नाही. रस्त्याचा आराखडा होतानाच ते त्यात आलं पाहिजे, खांब उभे राहिल्यावर कोणी उपटणार नाही. आपल्याकडे रस्त्याची चर्चा लांबी-रुंदी आणि टोल यांच्यापुढे जात नाही. उजेड हाही रस्त्याचाच भाग आहे, हे मला या किनाऱ्यावर बसून समजलं.

पिल्लं गेल्यावर दादांनी मुलांना प्रथमाची गोष्ट सांगितली. जानेवारी २०२२मध्ये याच वेळासच्या किनाऱ्यावर अंडी घालायला आलेल्या मादीच्या पाठीवर भारतीय वन्यजीव संस्था आणि कांदळवन प्रतिष्ठान यांनी उपग्रह टॅग बसवला. पश्चिम किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेला असा टॅग पहिल्यांदाच लावला, म्हणून तिचं नाव प्रथमा. त्या हंगामात आंजर्ल्याची सावनी, गुहागरच्या वनश्री, रेवा, लक्ष्मी अशा आणखी चौघींना टॅग लागले. पुढच्या वर्षी गुहागरहून निघालेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून थेट बंगालच्या उपसागरात पोचली. कासव श्वास घ्यायला वर आलं आणि टॅगची अँटेना पाण्याबाहेर निघाली, तेवढ्यापुरताच उपग्रहाला संदेश जातो. लेकीचा प्रश्न तयारच होता, "मग प्रथमा आत्ता कुठे आहे?" ते आता सांगता येत नाही. बॅटरी संपते, टॅग गळून पडतो.

यापुढची गोष्ट मला जास्त आवडली. २०२१मध्ये ओडिशाच्या किनाऱ्यावर भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेच्या लोकांनी एका मादीच्या पराला धातूचा साधा बिल्ला लावला होता. त्यावर आकडा ०३२३३. ना बॅटरी, ना अँटेना. जानेवारी २०२५मध्ये ती मादी गुहागरच्या वाळूवर अंडी घालताना सापडली. सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचं अंतर! पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी आणि पश्चिमेची वेगळी, असा समज होता. बागेश्री इकडून तिकडे गेली आणि ०३२३३ तिकडून इकडे आली, त्यामुळे तो आता पुन्हा तपासावा लागणार आहे.

लेक म्हणाली, "पण आकडा वाचला कोणी?" खरंच आहे. रात्री किनाऱ्यावर फेरी मारणारं कोणी तिथे नसतं, तर तो बिल्ला पुन्हा समुद्रात गेला असता आणि कोणाला काही कळलं नसतं. घरी मुलांच्या हातात मोबाईल किती वेळ द्यायचा यावर आमचा रोज वाद होतो, बहुतेक घरांत होतो. यंत्र चांगलं की वाईट यावर तो नेहमी अडतो. इथे उपग्रहही आहे आणि पत्र्याचा छोटासा तुकडाही आहे, आणि दोघांचं काम एका जागणाऱ्या माणसावर अडलेलं आहे. मुलांनी ते यंत्रामागचं माणूस बघावं, एवढंच मला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी केळशीला मामांकडे मुक्काम करून हर्णैला गेलो. संध्याकाळी होड्या लागतात आणि पुळणीवरच माशांचा लिलाव सुरू होतो, समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. आरडाओरडा, बर्फ, बैलगाड्या, सुरमईच्या राशी. सासूबाई भाव करण्यात गुंतल्या आणि मुलं एका होडीवाल्या दादांशी बोलत बसली. जाळ्यात कासव अडकलं तर काय करता, हे धाकट्याने विचारलं. जाळं कापून सोडतात. राज्य सरकारची २०१८पासून योजना आहे, संरक्षित समुद्री जीव सोडताना जाळ्याचं नुकसान झालं तर २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई मिळते. त्यासाठी सोडतानाचे फोटो किंवा व्हिडिओ पुरावा म्हणून जोडावे लागतात. जाळं म्हणजे होडीवाल्याचं सगळं भांडवल, ते स्वतःच्या हाताने कापायला लावताना एवढं तरी सरकारने करणं भागच होतं. दादांनी मोबाईल काढून व्हिडिओ दाखवला. फळीवर भलंमोठं कासव, गळ्याभोवती निळा नायलॉन, एक हात कोयती घेऊन दोऱ्या तोडतोय, मागून कोणीतरी ओरडतंय, "पायाला सांभाळ, पायाला!"

"याला बिल्ला होता का?" लेकीने विचारलं.

"बघितला नाय गो. घाई असते."

तिने व्हिडिओ परत लावायला सांगितला, मधेच थांबवला, दोन बोटांनी मोठा केला. डावा पर स्वच्छ दिसत होता, त्यावर काही नव्हतं. उजवा शेवटपर्यंत जाळ्याखालीच राहिला. तिने वही काढून ०३२३३ दाखवला आणि आकडा कुठे असतो ते सांगितलं. दादांनी होडीवरच्या पोराला हाक मारली, तोही येऊन वहीत डोकावला. "पुढच्या वेळेला दोन्ही पाय शूट कर रे," त्याला म्हणाले. तोवर सासूबाईंचा बांगड्याचा सौदा जमला होता, आणि अंधार व्हायच्या आत आम्हाला दापोली गाठायची होती.