व्हाळ, चिव्याची काठी आणि लाल टेप

माझ्या थारच्या मागच्या सीटवर कायम एक चिव्याची, म्हणजे बारीक बांबूची, काठी असते. पुरुषभर उंच. तळापासून 400 मिलीमीटरवर पिवळी टेप, 650 वर लाल. गुरांचा डॉक्टर काठी घेऊन फिरतो म्हणून नवीन माणसं जरा बिचकतात. गुरं बिचकत नाहीत, कारण ही काठी पाण्यासाठी आहे हे त्यांना आधीच कळलेलं असावं.

माझं काम कुडाळ तालुक्यात, सह्याद्रीच्या पायथ्याकडच्या वाड्यांमध्ये. इथे नदीपेक्षा व्हाळ, म्हणजे ओढे, जास्त त्रास देतात. वर आंबोलीच्या बाजूला वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि ते पाणी खाली यायला फार वेळ घेत नाही. खाली कोरडं ऊन असतं आणि व्हाळ मात्र लाल होऊन फुगलेला असतो. निर्मला नदीवरचा आंबेरीचा जुना कॉजवे पाण्याखाली गेला, पलीकडच्या गावांचा संपर्क तुटला, ही बातमी तर आम्ही वर्षानुवर्षं वाचत आलो.

लाल टेपचा आकडा कंपनीचा आहे. नव्या थारला 650 मिलीमीटर पाण्यातून जाता येतं असं त्यांनी छापलंय. माझ्या अंगावर ते गुडघ्याच्या वर, मांडीच्या निम्म्यापर्यंत येतं. पण हा आकडा संथ पाण्याचा. वाहत्या पाण्यात माझी हद्द पिवळ्या टेपला संपते. हिशेब सरळ आहे. गाडीचा सांगाडा धरा साडेतीन मीटर लांब, दीड-पावणेदोन मीटर रुंद. तळ पाण्यात गेला की पुढच्या प्रत्येक दहा सेंटिमीटरला पाणी पाच-सहाशे किलो वजन उचलून धरतं. गाडीचं वजन पावणेदोन टन. म्हणजे तळाच्या वर हातभर पाणी आलं की चाकांवर काही उरतच नाही, आणि चाकांवर वजन नसेल तर चारही चाकं फिरून काय करणार? फोर बाय फोरचा लिव्हर चिखलात पकड देतो. नांगर नव्हे तो.

हे शहाणपण फुकट आलेलं नाही. 2013 च्या जुलैमध्ये माझ्याकडे सेकंडहँड जीप होती आणि सोबत एक मित्र होता, मोबाईलवर व्हिडिओ काढणारा. पाणी जेमतेम बंपरपर्यंत. मी तिसऱ्या गिअरमध्ये घुसलो, दोन्ही बाजूंना पंख फुटल्यासारखं पाणी उडालं, व्हिडिओ झकास आला. पुढची लाट मात्र बॉनेटवर चढली आणि हवा ओढायच्या तोंडातून इंजिनात गेली. ‘टक्’ असा एकच आवाज आणि इंजिन बंद. तिथे थांबलो असतो तरी कदाचित निभावलं असतं. मी चावी पुन्हा फिरवली. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. मग वाकतो तो कनेक्टिंग रॉड, पिस्टनला जोडलेला दांडा. मेकॅनिकने काढून हातात दिला तेव्हा तो कोयतीसारखा दिसत होता. विमा कंपनीने इंजिनाचा खर्च नाकारला, कारण इंजिन प्रोटेक्शनचं जादा कव्हर मी घेतलं नव्हतं. गाडी पाण्यात बंद पडली तर चावीला हात लावायचा नाही, हे मी आता गिऱ्हाइकांना गाईच्या औषधासोबत सांगतो.

गेल्या वर्षीची एक रात्र सांगतो. साडेनऊला फोन आला. “डॉक्टरानू, गाय अडली हा. एक पाय भायर, दुसऱ्याचो पत्तो नाय.” आणि लगेच, “व्हाळाक पाणी हा, पण तुमची गाडी चार चाकांनी वडता मा?”

व्हाळापाशी पोचलो तेव्हा हेडलाइटमध्ये पाणी चहापेक्षा लाल दिसत होतं. पलीकडे मालकाची बॅटरी हलत होती. मी पहिलं काम केलं ते दगडाचं: पाण्याच्या अगदी कडेला मुठीएवढा पांढरा दगड ठेवला आणि घड्याळ बघितलं. मग गमबूट चढवले. (गुरांच्या डॉक्टरला लेप्टो, म्हणजे घाणेरड्या पाण्यातून जखमेवाटे होणारा ताप, शिकवावा लागत नाही. पायाला जखम असेल तर पावसाळ्यातल्या पाण्यात उघडं उतरू नका, एवढं ऐका.) कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक अलीकडच्या घरातल्या पोराने आंब्याच्या बुंध्याला एक वेढा देऊन धरलेलं. काठी टेकत चार पावलं गेलो. पाणी पिवळ्या टेपच्या वर आणि पायाखालचे गोटे सरकत होते. मला उभं राहता येत नाही तिथे गाडी घालायची नाही. मागे फिरलो. दगड शोधला तर तो दिसेना. सहा मिनिटं झाली होती.

मालकाला फोनवर सांगितलं, येत नाही. तो गप्प झाला. ती शांतता अजून कानात आहे. मग म्हटलं, साबणाने कोपरापर्यंत हात धू, नखं काप, आणि मी विचारतो तेवढंच सांग. दुसरा पाय गुडघ्यात दुमडलेला होता. वासरू थोडं आत ढकलायचं, खूर तळहातात झाकून पाय सरळ करायचा, की खुराने गर्भपिशवी फाटू नये. गाडीत बसून मी डोळे मिटून त्याच्या हाताने काम करत होतो. मधेच रेंज जायची. एकच्या सुमाराला तो ओरडला, “इला! पाडी हा!”

आता जायची घाई नव्हती, पण गाय बघायला हवीच होती. अडीचला दगड पुन्हा वर आला, काठावर ओली रेघ दिसू लागली. पुन्हा उतरून काठी टाकली. पिवळ्या टेपच्या चार बोटं खाली, पायाखालचे गोटे स्थिर. गाडी इतका वेळ उभी होती ते बरंच. तापलेले अॅक्सल गार पाण्यात गेले की आतली हवा आकसते आणि पाणी ओढून घेते. सीटबेल्ट काढला, दोन्ही काचा खाली, पुढच्या हुकाला दोर आधीच बांधून बॉनेटवर गुंडाळून ठेवला. पाण्यात बुडी मारून हूक शोधायची हौस एकदाच भागते. फोर लो, म्हणजे चारही चाकांना हळू पण जोरकस ताकद, आणि दुसरा गिअर. क्लचवरचा पाय काढून जमिनीवर ठेवला, नाहीतर तो आपोआप तिकडे जातो. चालत्या माणसाच्या वेगाने आत शिरलो. बंपरपुढे पाण्याची एक वळकटी तयार झाली आणि तिच्यामागे बॉनेटखाली खळगा. त्या वळकटीच्या मागे मागे जायचं, तिला गाठायचं नाही आणि तिला सुटूही द्यायचं नाही. मधे डावं चाक खाली गेलं, पोटात गोळा आला, पण अॅक्सलरेटर तसाच ठेवला. पलीकडच्या चढावर चिकण माती होती, तिथे मात्र चारही चाकांनी उपकार केले. वर आल्यावर ब्रेक तीन-चारदा हलके दाबून वाळवले.

पाडी उभी राहून धडपडत होती. गाईची वार अजून पडायची होती, इजा नव्हती. चहा झाला.

सकाळी कुडाळात गॅरेजला गेलो. मागच्या अॅक्सलमधल्या डिफरन्शियलचा (गिअरच्या डब्याचा) ब्रीदर पाइप, म्हणजे आतल्या हवेला वाट देणारी नळी, उंदराने कुरतडला होता, आणि मला वर्षभरात तिथे वाकून बघायची बुद्धी झाली नव्हती. मेकॅनिकने खालचा बोल्ट सोडला. तेल बाहेर आलं ते दुधाळ, तपकिरी. त्याने बोटावर घेऊन उजेडात धरलं.

“डॉक्टरानू, साकर तेवडी घालूची रवली.”