तुम्ही विचारलंत म्हणून: फुकट आहे, मग आरक्षण कशाला?

मी पोर्तुगीज शिकवते, त्यामुळे ब्राझीलची चौकशी होतेच. तिथल्या सरकारी विद्यापीठांत फी नसते, राज्यघटनेतच तशी तरतूद आहे, असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला: फुकट आहे, मग आरक्षण कशाला?

याचं उत्तर मी ब्राझिलिया विद्यापीठावरून देते. 21 एप्रिल 1962 ला, नव्या राजधानीच्या दुसऱ्या वाढदिवशी ते सुरू झालं. बांधकामात दोन मजूर गाडले जाऊन मेले होते. उद्घाटन झालं त्या सभागृहाला त्यांच्या स्मरणार्थ ‘दोईस कांदांगोस’, म्हणजे ‘दोन मजूर’, हेच नाव दिलं. संस्थापक दोघे: मानववंशशास्त्रज्ञ दार्सी रिबेइरो आणि फुकट सरकारी शाळांसाठी जन्मभर भांडलेले शिक्षणतज्ज्ञ आनिसिओ तेइशेइरा. देशाचे प्रश्न देशातच सोडवणारं विद्यापीठ त्यांना उभं करायचं होतं.

दोन वर्षंही धड मिळाली नाहीत. 1964 च्या एप्रिलमध्ये लष्कराने सत्ता घेतल्याबरोबर सैनिक आवारात घुसले. तेइशेइरांना कुलगुरुपदावरून काढलं, रिबेइरोंना देश सोडावा लागला. पुढच्या वर्षी काही प्राध्यापकांना बडतर्फ केलं, तेव्हा 305 पैकी 223 जणांनी एकदम राजीनामे दिले. (एवढ्या लोकांनी नोकरीवर पाणी सोडलं, हे मला अजूनही अचाट वाटतं.) 1968 मध्ये पुन्हा छापा पडला. त्यात पकडलेला भूगर्भशास्त्राचा विद्यार्थी नेता ओनेस्तिनो गिमाराइंस 1973 मध्ये कायमचा बेपत्ता झाला. त्याला पदवी मिळाली ती थेट 2024 मध्ये, मरणोत्तर.

प्रश्न आरक्षणाचा, आणि मी लष्करात कुठे शिरले? कारण आहे. आमच्याकडे वंशभेद नाहीच, ही त्या राजवटीची अधिकृत भूमिका होती. तसं नाही म्हणणारा देशद्रोही ठरायचा. 1970 च्या जनगणनेत तर वर्णाचा रकानाच गाळला. मोजायचंच नाही म्हटल्यावर वर्गात कोण बसलंय आणि कोण नाही, हे बोलणार कुठून?

आणि बसत होतं कोण? प्रवेशपरीक्षा भयंकर चुरशीची. ज्यांच्याकडे पैसा, त्यांची मुलं महागड्या खासगी शाळेत जायची, वर तयारीचे क्लास लावायची आणि मग फुकटच्या सरकारी विद्यापीठात दाखल व्हायची, विशेषतः मेडिकल आणि लॉला. गरिबांची, त्यातही कृष्णवर्णीयांची मुलं सरकारी शाळेतून यायची, परीक्षेत मागे पडायची आणि शिकायचंच असेल तर फी भरून खासगी कॉलेजात जायची. कर सगळ्यांचा, जागा मोजक्यांच्या. सभागृहाला मजुरांचं नाव होतं, एवढंच.

1998 मध्ये याच विद्यापीठात, तेही मानववंशशास्त्र विभागात, एका कृष्णवर्णीय पीएचडी विद्यार्थ्याला नापास केल्यावरून वाद पेटला. पुढे विद्यापीठाच्या वरच्या मंडळाने तो निकाल फिरवला. त्या विभागातल्याच जोझे जोर्जे दि कार्वाल्यो आणि रिता सेगातो या प्राध्यापकांनी 1999 मध्ये राखीव जागांचा प्रस्ताव मांडला. 2003 मध्ये तो मंजूर झाला, आणि 2004 पासून 20 टक्के जागा कृष्णवर्णीयांसाठी राखीव झाल्या. केंद्र सरकारच्या विद्यापीठांत हे पहिलंच. एक राजकीय पक्ष याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेला, पण एप्रिल 2012 मध्ये न्यायालयाने एकमताने विद्यापीठाची बाजू उचलून धरली. त्याच वर्षी कायदा आला: केंद्रीय विद्यापीठांतल्या निम्म्या जागा सरकारी शाळांत शिकलेल्यांना. त्यात उत्पन्नाची अट, आणि त्या त्या राज्यातल्या लोकसंख्येनुसार कृष्णवर्णीय, मिश्रवर्णीय आणि आदिवासींचा वाटा. शाळा हा निकष मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण दुखणं तिथूनच सुरू होतं.

इथे कोल्हापूरकर हमखास म्हणतात, आमच्या शाहू महाराजांनी 1902 मध्येच निम्म्या जागा राखल्या होत्या. खरंय. पण त्या नोकऱ्यांतल्या, आणि आपल्याकडे जातीचा दाखला असतो. ब्राझीलमध्ये वर्णाचा दाखला नाही. माणूस स्वतः सांगेल तो त्याचा वर्ण. मग खोटं बोलणाऱ्यांचं काय? ब्राझिलिया विद्यापीठाने आधी अर्जदारांचे फोटो काढून समितीपुढे ठेवले. 2007 मध्ये एकसारख्या दिसणाऱ्या जुळ्या भावांपैकी एकाला समितीने कृष्णवर्णीय ठरवलं, दुसऱ्याला नाही! देशभर हसं झालं, आणि फोटोऐवजी मुलाखती आल्या. आता बऱ्याच विद्यापीठांत अशा पडताळणी समित्या आहेत. त्या वंशावळ बघत नाहीत, समोरचा माणूस कसा दिसतो ते बघतात. नाकारलेले उमेदवार कोर्टात जातात, यात मात्र तुम्हाला काही नवल वाटायचं नाही.