तेरेझिन: आधी गाव, मग किल्ला

चेक प्रजासत्ताकातलं तेरेझिन म्हणजे दुसऱ्या महायुद्धात नाझींनी ज्यूंना डांबलेलं गाव. प्रागहून तिथे जाणारे बरेच जण छोटा किल्ला बघतात, 'आर्बाइट माख्ट फ्राय' (कामाने मुक्ती मिळते) लिहिलेल्या कमानीचा फोटो काढतात आणि परत फिरतात. अर्ध्या दिवसाच्या सहलींचं वेळापत्रकच तसं असतं. पण किल्ला हा गेस्टापोचा, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांचा तुरुंग होता, कैदी मुख्यतः राजकीय. ज्यूंचा घेट्टो, म्हणजे त्यांना कोंडून ठेवलेली वस्ती, ओहर्झे नदीच्या पलीकडे, गावात. म्हणून सहल घेऊ नका, स्वतःच जा.

मेट्रोच्या सी लाइनवर 'नाद्राझी होलेशोवित्से'ला उतरायचं, तिथून लितोम्येरझित्सेकडे जाणारी बस. तासाभराचा प्रवास. थेट चौकात उतरा. किल्ला तिथून चालत पंधराएक मिनिटांवर आहे.

गाव बघून आधी काहीच वाटत नाही. अठराव्या शतकातलं लष्करी ठाणं, विटांची तटबंदी, काटकोनात कापणारे रस्ते, खिडक्यांत कुंड्या. आजही लोक राहतात. युद्धाआधी सात हजारांच्या आसपास वस्ती होती. सप्टेंबर १९४२ मध्ये त्याच इमारतींत सुमारे ५८ हजार ज्यू कोंबले होते. एकूण जवळपास ३३ हजार माणसं इथेच उपासमारीने आणि रोगांनी गेली. सुमारे ८८ हजारांना पुढे ऑशविट्झ, ट्रेब्लिंका अशा मृत्युछावण्यांत आणि इतर ठिकाणी पाठवलं. त्यांतले फार थोडे वाचले.

या गावाचं वेगळेपण त्याच्या सजावटीत आहे. २३ जून १९४४ रोजी रेड क्रॉसचे प्रतिनिधी पाहणीला येणार होते. नाझींनी आधी गर्दी दिसू नये म्हणून मे महिन्यात साडेसात हजार लोक ऑशविट्झला धाडले. मग रंगरंगोटी, चौकात हिरवळ, बँडसाठी मंडप, दुकानांत माल. पाहुण्यांसाठी मुलांनी 'ब्रुंदिबार' ही संगीतिकाही केली. आखून दिलेल्या रस्त्यानेच पाहुणे फिरले आणि अहवाल अनुकूल गेला. आपण आज त्याच चौकात उभे असतो, आणि तो आजही इतका नीटनेटका आहे की राग येतो. पाहुण्यांचा नव्हे, आपलाच. कारण आपणही 'काय छान गाव आहे' असं मनात म्हणून गेलेलो असतो.

घेट्टो संग्रहालय जुन्या शाळेत आहे. घेट्टोच्या काळात इथे मुलग्यांचं वसतिगृह होतं. तिथून माग्देबुर्ग बराकीत जा. दाटीवाटीचे लाकडी बंक, त्यांवर बॅगा आणि वाळत घातलेले कपडे, अशी एक खोली तिथे पुन्हा उभी केली आहे. इथे घाई करू नका. बोहुशोवित्से स्टेशनपासून कैद्यांकडूनच टाकून घेतलेल्या रुळांचा तुकडा अजून रस्त्यात दिसतो. १९४३ च्या उन्हाळ्यापर्यंत रूळ नव्हते, म्हातारीकोतारी सामान घेऊन स्टेशनपासून चालत यायची. त्याच बाजूला पुढे दहनगृह आणि दफनभूमी.

एवढं झाल्यावर किल्ला. तिथली एक खोली चुकवू नका: ओळीने बेसिनं, वर आरसे. पाहणीला दाखवण्यापुरती बांधलेली, कैद्यांना कधी वापरू दिली नाहीत, असं तिथे सांगतात. संग्रहालयं आणि किल्ला यांचं एकत्र तिकीट घ्या, सुटं महाग पडतं. खायचं सोबत न्या, शाकाहारी असाल तर नक्कीच. तटबंदीच्या भुयारांत आणि कोठड्यांत उन्हाळ्यातही गारठा असतो, स्वेटर हवा. हिवाळ्यात सगळं लवकर बंद होतं.

प्रागच्या पिंकास सिनेगॉगला (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला) मात्र आदल्या दिवशीच जाऊन या. भिंतींवर बोहेमिया-मोराव्हिया या चेक प्रांतांतल्या सुमारे ८० हजार बळींची नावं आहेत आणि वरच्या मजल्यावर तेरेझिनच्या मुलांची चित्रं. फ्रिडल डिकर-ब्रांडाइस या चित्रकार बाई घेट्टोत मुलांना चित्रकला शिकवत. ऑक्टोबर १९४४ मध्ये त्यांना ऑशविट्झला नेऊन मारलं. साडेचार हजारांच्या आसपास चित्रं मागे राहिली. फुलपाखरं, घरं, आणि मधूनच एखादी फाशी. ती बघून गेलात तर वसतिगृहाच्या त्या इमारतीत कोण राहायचं ते आधीच ठाऊक असतं.

शनिवारी सिनेगॉग बंद असतं आणि तेरेझिनचं दहनगृहही. तेव्हा दोन्हींसाठी आठवड्यातला दुसरा वार धरा, आणि परतीच्या बसची वेळ चौकातल्या थांब्यावर उतरतानाच बघून ठेवा.