ब्लू बे, रविवार आणि उसाचं पाचट

मॉरिशसच्या पॅकेजवाल्यांचा मला खरंच राग येतो. आमच्या प्लॅनमध्ये ब्लू बे म्हणजे नुसता फोटो स्टॉप, वर सांगितलेलं की रविवारी तिथे लोकल लोकांची गर्दी असते, टाळा. आम्ही मुद्दाम रविवारीच गेलो, माहेबुर्गहून साध्या बसने. सात रंगांची माती, चहाचे मळे हे सगळं पण पाहिलं, छान होतं.

ब्लू बे पब्लिक बीच आहे. सुरूची झाडं, त्यांच्या सावलीत अख्खी खानदानं पसरलेली, पातेली, शेगड्या, बिर्याणीचा घमघमाट आणि कुठेतरी डफावर सेगा, म्हणजे इथलं पारंपरिक गाणं-नाच, चाललेला. पाण्यात मरीन पार्क, 2008 पासून रामसार यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत असलेलं. काचेच्या तळाच्या बोटीतून प्रवाळ पाहून आलो आणि जागा शोधत होतो तर शेजारच्या चटईवरच्या एका काकांनी भोजपुरी वळणाच्या हिंदीत हाक मारली, बसा इथेच. ओळख ना पाळख, आणि दोन मिनिटांत हातात बिर्याणीची ताटली!

बोलता बोलता वाकाशिओचा विषय निघाला. 25 जुलै 2020 ला हे जपानी मालकीचं जहाज इथून जवळच, पॉइंट देस्नीसमोरच्या प्रवाळावर चढलं, ऑगस्टमध्ये फुटलं आणि साधारण हजार टन तेल त्या निळ्या पाण्यात सांडलं. मग लोकच उतरले. कापडाच्या लांबच लांब पिशव्या शिवल्या, त्यात उसाचं पाचट भरलं, तरंगायला रिकाम्या बाटल्या बांधल्या आणि त्या माळा समुद्रात सोडल्या. काकांनी चटईवरच मूठ दाबून दाखवलं, पाचट कसं ठासायचं, सैल राहिलं की पिशवी मधेच वाकते आणि तेल पलीकडे जातं. काकू म्हणाल्या, मी नुसती शिवत होते, बोटं सुजली तरी शिवत होते. लोकांनी केस कापून दिले, तेही पिशव्यांत भरले, केस तेल धरून ठेवतात म्हणून.

मी सांगलीकडची. आमच्याकडे तोडणी झाली की पाचट सरळ पेटवून देतात, धूर गावभर. त्याच पाचटाने हे लोक समुद्र अडवत होते, ऐकताना अंगावर काटा आला आणि घास तोंडातच राहिला. ज्यांच्या गर्दीला टाळा म्हणून आम्हाला सांगितलं होतं त्यांनीच हा किनारा हाताने राखलाय, रविवारी त्यांनी नाही यायचं तर कोणी यायचं?

निघताना काकूंनी बजावलं, उद्या सोमवार, माहेबुर्गचा बाजार चुकवू नका. गेलो. तिथली दालपुरी जोडीने देतात, आत घेवड्याची उसळ आणि टोमॅटोचा रस्सा, उभ्यानेच खायची. मिरचीची चटणी मात्र आधी बोटावर घेऊन बघा, आपल्या ठेच्याला भारी पडेल इतकी झणझणीत आहे.