क्रियापदांची रांग ऐकायला शिकताना

स्कॉटलंडमधल्या ग्लासगोमध्ये फिजिओथेरपिस्ट म्हणून रुजू झाले तेव्हा इंग्रजीची मला भीती नव्हती. सगळे शिक्षण इंग्रजीतून झाले होते आणि नोंदणीसाठी लागणारी आयईएलटीएस परीक्षाही व्यवस्थित पार पडली होती. तरीही रुग्ण बोलू लागले की वाक्यातला शब्द न् शब्द ओळखीचा असूनही नेमकी एक गोष्ट हाती लागत नसे : सांगितलेला व्यायाम त्यांनी केला, करून पाहिला, की तो नुसताच मनात राहिला? भारतातून आलेले सहकारी याचे खापर ग्लासगोच्या उच्चारांवर फोडत. मला मात्र अडचण क्रियापदांत दिसू लागली.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आलेल्या एका आजींचे वाक्य मी तेव्हा उतरवून घेतले होते : 'आय कीप मीनिंग टु ट्राय अँड गेट स्टार्टेड ऑन देम.' कीप, मीन, ट्राय, गेट आणि स्टार्ट अशी पाच क्रियापदे एकापाठोपाठ आली, आणि एवढ्या खटाटोपात व्यायाम काही झालेला नव्हता. आपल्याकडच्या आजी म्हणाल्या असत्या, ''रोज ठरवते गं, पण सुरुवातच होत नाही.'' मराठीत जे काम एका 'पण'ने भागते, ते इंग्रजी माणूस क्रियापदाला क्रियापद जोडून करतो.

मराठी वाक्याचा निकाल शेवटी लागतो. 'करायला हवे होते', 'करून टाकले', 'करणार होते', 'करता करता राहिले' यांत सुरुवात सारखीच असते. काम झाले की नाही हे शेवटचा शब्द सांगतो, आणि लहानपणापासून आपला कान त्या शेवटासाठी थांबायला सरावलेला असतो. इंग्रजीत निकाल आधीच लागून जातो. 'आय यूस्ट टु बी एबल टु मॅनेज द स्टेअर्स' या वाक्यात शेवटी जिना येतो, जमणे येते आणि ऐकणाऱ्याला बरे वाटते. पण पहिल्या 'यूस्ट टु'नेच सांगून टाकलेले असते की हे आता जमत नाही. त्यातच 'आयॅम यूस्ट टु वॉकिंग' म्हणजे चालण्याची सवय आहे, आणि 'आय यूस्ट टु वॉक' म्हणजे पूर्वी चालत असे. आमच्या कामात या दोहोंतला फरक कळला नाही, तर उपचारांचे उद्दिष्टच चुकीचे ठरते.

मग मी एक वही केली. तीत रुग्णाचे नाव, आजार काहीही न लिहिता फक्त वाक्ये लिहायची आणि संध्याकाळी शेवटच्या क्रियापदावर बोट ठेवून उरलेले वाचायचे. 'आय वॉज गोइंग टु'च्या पुढे काहीही असो, ते बहुधा झालेले नसते. 'आय मॅनेज्ड टु' म्हटले की कष्टाने का होईना, पण झाले. 'आय एंडेड अप'नंतर जे येते ते घडले, पण मनात नसताना घडले. 'आय स्टॉप्ड टेकिंग द टॅब्लेट्स' म्हणजे गोळ्या बंद केल्या, आणि 'स्टॉप्ड टु टेक' म्हणजे घेण्यासाठी थांबले. बोटाखालचा शब्द पुष्कळदा संदर्भावरून ओळखता येई. त्याच्या आधीचे मात्र ऐकावेच लागे.

याच सुमारास व्याकरणाचे थोडे वाचन झाले. भाषाशास्त्रज्ञ नोम चॉम्स्की यांनी १९५७ साली इंग्रजी सहायक क्रियापदांचा क्रम एका छोट्या सूत्रात बसवला होता : आधी 'शुड', 'माइट' यांसारखे एक, मग 'हॅव', मग 'बी'. क्रम बदलत नाही आणि प्रत्येक जण आपल्या पुढच्याचे रूप ठरवतो. नकारही पहिल्यालाच चिकटतो आणि प्रश्न विचारताना जागा बदलतो तोही पहिलाच. शाळेत काळांचे बारा तक्ते पाठ करून घेतले होते, पण ही साधी गोष्ट कोणी सांगितल्याचे आठवत नाही. 'आय शुडन्ट हॅव बिन लिफ्टिंग इट' हे बोलताना 'शुडन्टबिन्लिफ्टिंग' असे एका दमात येते, त्यातला 'हॅव' जवळजवळ विरून जातो. पण 'बिन' कानावर पडले की 'हॅव' तिथे होताच, हे क्रमावरून कळू लागले.

काही जोड्या मात्र सूत्राबाहेरच्या निघाल्या. 'ट्राय अँड लिफ्ट इट' हे रोजच्या बोलण्यात चालते, पण 'ट्राइड अँड लिफ्टेड' म्हटले की प्रयत्नाबरोबर उचलणेही झाले असा अर्थ होतो. 'ही हॅज गॉन अँड ब्रोकन इट' यात कोणी कुठे गेलेले नसते. तो मोडून बसलेला असतो, आणि आपल्या 'बसला'मधला वैतागही त्यात जसाच्या तसा असतो. ही जोडी कळली तेव्हा मला फार आनंद झाला.

ऐकण्यापेक्षा बोलणे अवघड गेले. 'लिफ्ट युवर लेग' हे बरोबरच आहे, पण स्थानिक सहकारी तसे म्हणत नसत. त्या म्हणत, 'आयॅम जस्ट गोइंग टु गेट यू टु ट्राय अँड लिफ्ट युवर लेग फॉर मी.' यातले 'गोइंग टु' पुढे काय होणार ते सांगते, 'गेट यू टु' हे आपले 'करायला लावणे', 'ट्राय अँड'मुळे न जमल्यास हरकत नाही असा दिलासा मिळतो, आणि पाय उचलणे सर्वांत शेवटी येते. मराठीत 'जरा पाय उचलून बघा बरं' एवढ्यात हे सगळे मावते. 'बघा'मध्ये प्रयत्न आणि 'जरा', 'बरं'मध्ये आर्जव. सुरुवातीला ती लांबण मला उगाचच वाटे. पण आज्ञार्थी वाक्यावर ताठरलेला पाय या वाक्यावर सैल सुटताना पाहिला, आणि मग मीही तसेच बोलू लागले.

ग्लासगोने वर आपली भर घातलीच. 'हे तपासायला हवे' या अर्थी 'इट नीड्स लुक्ट ॲट' असे इथे सर्रास म्हणतात, मधले 'टु बी' गाळून. अमेरिकेत पिट्सबर्गच्या बाजूलाही ही रचना ऐकू येते. 'गॉनी गिव्ह मी माय स्टिक?' हा भविष्यकाळ नसून ''काठी देतेस का गं जरा?'' अशी विनंती आहे.

आता समोर बसलेल्या माणसाचे बोलणे सहसा निसटत नाही. फोनवर अजून एक रचना दगा देते : 'आय डोन्ट थिंक आयड हॅव बिन एबल टु मॅनेज विदाउट द स्टिक.' 'वाटत नाही' हे थेट पहिल्याच तुकड्यात येऊन गेलेले असते, लाइन जरा खरखरली की तेवढेच बुडते आणि उरलेल्या वाक्यात काठीवाचून निभावले असते असा उलटाच अर्थ उरतो. अशा वेळी मी अंदाज करत बसत नाही. 'सो यू डिड नीड द स्टिक?' असे एकाच मुख्य क्रियापदाचे वाक्य विचारते आणि उत्तर आल्यावरच नोंद करते.