गंगावन, बोअरचं पाणी आणि गुंता: माझा अनुभव

क्लिपचे केस, म्हणजे एका कडेला शिवलेल्या आणि क्लिपांनी आपल्या केसांत अडकवायच्या केसांच्या पट्ट्या, विकत घेतले की पहिल्या दोन-तीन धुण्यांपर्यंत ते सगळ्यांचेच छान दिसतात. खरा कस लागतो तो चौथ्या-पाचव्या धुण्याला. माझा संच 18 इंची, 7 पट्ट्यांचा, 120 ग्रॅम वजनाचा, खऱ्या केसांचा. तीन महिन्यांत त्याची टोकं केरसुणीसारखी झाली आणि मानेजवळच्या पट्टीत बोट शिरेना. तो संच पुन्हा माणसात आणताना आणि पुढे टिकवताना कळलेल्या गोष्टी खाली आहेत. पाणी जालन्यातल्या बोअरचं, ऊन मराठवाड्याचं, हे धरून वाचा.

कोरडेपणाचं मूळ कारण साधं आहे. डोक्यावरच्या केसाला मुळाशी तेलाची ग्रंथी असते आणि विंचरताना ते तेल टोकाकडे उतरतं. कापलेल्या केसाला हा पुरवठाच नाही. त्यामुळे शाम्पूने एकदा काढलेला ओशटपणा परत येत नाही, तो आपण वरून द्यावा लागतो. आता घरातली कुणीही मोठी बाई म्हणणार, "मग तेल लाव की गं चांगलं चोपडून." तिथेच फसायला होतं. तेल केसावर राहिलं की आपल्याकडची धूळ त्यावर बसते, धूळ-तेलाचा चिकटा होतो आणि केसाला केस धरून बसतो. तेल धुण्याच्या आधी तासभर, तेही सगळ्या संचाला मिळून अर्धा चमचा खोबरेल, मधल्या भागापासून टोकापर्यंत. पट्टीच्या शिवणीला अजिबात नाही. डिसेंबरात परभणीकडे खोबरेल बाटलीतच थिजतं, तेव्हा ते तळहातावर पातळ करूनच लावायचं. थिजलेले कण केसात राहिले तर एका धुण्यात निघत नाहीत.

गुंता का होतो हे समजायला केसाचा पृष्ठभाग कौलांच्या छपरासारखा धरा. खवले एकावर एक, सगळ्यांचं तोंड टोकाकडे. सगळे केस एकाच दिशेने असले तर ते एकमेकांवरून घसरतात. काही केस उलटे असले तर कौलात कौल अडकतं. गल्लीत केसांवर भांडी किंवा फुगे द्यायला कुणी आलं की आपण कंगव्यातली गुंतवळ देतो ना, त्यात मुळं कुठली आणि टोकं कुठली याचा पत्ता नसतो. असा माल कारखान्यात आम्लाने धुऊन त्याचे खवले काढतात आणि वर सिलिकॉनचा थर देतात. दुकानात तो रेशमासारखा लागतो. धुता धुता थर गेला की खाली सोललेला केस उरतो आणि तो लगेच गुंततो. तिरुपतीसारख्या देवस्थानात मुंडणाच्या वेळी लांब केसांची जुडी बांधून ठेवली की मुळाची बाजू कळते. अशा एका दिशेच्या केसांना बाजारात रेमी म्हणतात, आणि ते महाग असतात.

घेताना दोन परीक्षा करा. एक केस चिमटीत धरून टोकाकडून मुळाकडे बोट फिरवायचं. किंचित खरखर लागली तर खवले जागेवर आहेत. दोन्हीकडून सारखाच गुळगुळीत, प्लास्टिकसारखा लागला तर थर दिलेला आहे. दुसरी परीक्षा, एक केस जाळून पाहायचा. खरा केस जळक्या पिसासारखा वास देतो आणि त्याची राख बोटांत चुरते. नायलॉनचा वितळून टणक मणी होतो. बांगड्यांच्या दुकानात मिळणारं काळंभोर गंगावन बहुतेक नायलॉनचंच असतं. लग्नातल्या खोप्याला, लांब वेणीला ते झकास, फक्त त्याच्याजवळ इस्त्रीची मशीन न्यायची नाही.

आता पाणी. माझ्या मते निम्मा त्रास इथेच आहे आणि बाकीचे सगळे उपाय याच्यापुढे दुय्यम. आपल्याकडे खाली बेसाल्टचा काळा खडक. त्यातून झिरपलेल्या बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार. गीझरच्या कॉइलवर, बंबाच्या आत, नळाच्या तोंडाशी जो पांढरा थर बसतो तोच केसावर बसतो. तो डोळ्याला दिसत नाही, हाताला कळतो: धुऊन वाळवलेला केस खरखरीत आणि जड लागतो. डोक्यावरच्या केसाचं निदान नवं मूळ वाढत राहतं, क्लिपच्या केसात तोच थर प्रत्येक धुण्याला साचत जातो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची, म्हणजे याच क्षारांची, स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. म्हणजे नियमाने पिण्याजोगं पाणीही केसांना जड असू शकतं. हातातला टीडीएस मीटर सगळे क्षार मिळून आकडा सांगतो, एकटा कठीणपणा नाही. अंदाज घ्यायला तो पुरतो.

तुरटी फिरवून उपयोग नाही. टँकरच्या पाण्याचा गढूळपणा तिने खाली बसतो, विरघळलेले क्षार तिथेच राहतात. उकळल्याने थोडा फरक पडतो: पाणी दहा मिनिटं उकळून निववलं की काही चुना तळाशी बसतो, वरचं पाणी हलक्या हाताने गाळून घ्यायचं. सगळा कठीणपणा मात्र जात नाही. आरओ मशीनच्या बाजूच्या नळीतून बादलीत जमणारं पाणी भांड्यांना, फरशीला वापरतात तसं केसांना वापरू नका, त्यात मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षार असतात. मी शेवटचं खळबळणं 20 लिटरच्या जारमधल्या पाण्याने करते, 4 लिटर पुरतात. जार आरओचा आहे ना, हे विचारून घ्यायचं, कारण नुसतं थंड केलेलं बोअरचं पाणीही जारातून मिळतं. छत्रपती संभाजीनगरला जायकवाडीचं नळाचं पाणी येतं ते बोअरपेक्षा पुष्कळ बरं. पण ते रोज येत नाही, म्हणून केस धुण्याचा वार नळाच्या वारावर ठरवायचा. पावसाळ्यात पहिली दोन-तीन झड सोडून स्लॅबवरचं पाणी स्वच्छ पिंपात धरलं तर त्यासारखं दुसरं नाही.

धुणं किती दिवसांनी? 15 ते 20 वेळा घातल्यावर, असं सगळीकडे सांगतात. मार्च ते जून घाम आणि फुफाटा यांमुळे मी 8-10 वेळांवर आणते, त्याहून आधी नाही.

धुण्याआधी सगळ्या क्लिपा मिटवायच्या. उघड्या क्लिपेचे दात शेजारच्या पट्टीत शिरले की नवा गुंता तयार. मग कोरडेच केस विंचरायचे, टोकाकडची दोन-तीन इंच आधी, ती मोकळी झाली की वर सरकायचं. दुसऱ्या हाताने कंगव्याच्या वर घट्ट धरायचं, म्हणजे ओढ शिवणीवर जात नाही. शिवण सैल झाली की केस गळतात आणि गळलेला प्रत्येक केस पुढच्या गुंत्याची दोरी होतो.

बादलीत कोमट पाणी, मनगटाला जेमतेम ऊन लागेल इतकंच. 2 लिटर पाण्यात 10 मिलि सल्फेट नसलेला शाम्पू आधी मिसळून घ्यायचा, थेट केसावर ओतायचा नाही. एकेक पट्टी शिवणीकडून धरून सात-आठ वेळा खाली-वर बुचकळायची. चोळायचं नाही, पिळायचं नाही, गोल फिरवायचं तर मुळीच नाही. ओला केस फुगतो, खवले उचलले जातात, त्यात चोळलं की लोकर भिजवून रगडल्यावर आटते तसे केस एकमेकांत शिरतात. शिकेकाई-रिठ्याची पूड माझ्या डोक्याला मानवते, पण पट्टीत तिचे कण शिवणीत अडकून बसतात. साबण तर नकोच, कठीण पाण्यात त्याचा चिकट साका होतो.

साचलेला थर काढायला चार-पाच धुण्यांतून एकदा ईडीटीए (क्षार धरून काढणारं रसायन) असलेला, कठीण पाण्यासाठीचा शाम्पू वापरते. तो दरवेळी वापरला तर केस आणखी कोरडे पडतात. तो नसेल तर एक लिटर जारच्या पाण्यात एक मोठा चमचा पांढरा व्हिनेगर घालून त्यात दोन मिनिटं केस बुडवायचे. क्लिपा पाण्याबाहेर धरायच्या, नाहीतर गंज चढतो. ही पायरी कंडिशनरच्या आधीची.

कंडिशनर 20 मिलि, मध्यापासून टोकापर्यंत, पाच मिनिटं. मोठ्या दाताच्या कंगव्याने तो लावलेला असतानाच एकदा हळू फिरवायचं, ओल्या केसाला कंगवा लावायची हीच एक वेळ. मग जारच्या पाण्याने वरून खाली एकाच दिशेने खळबळायचं. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात दाबून पाणी टिपायचं. टॉवेलची लव केसांना ओढते.

वाळवायला सावलीत, हँगरला चिमट्याने शिवण धरून टांगायचं. गच्चीवर मे महिन्यात तासाभरात वाळतील हे खरं, पण उन्हाने काळा रंग तांबूस पडतो आणि टोकं कडक होतात. सावलीतही उन्हाळ्यात तीन-चार तासांत काम होतं. श्रावणात रात्रभर लागते. शिवण आत ओली राहिली की कुबट वास येतो आणि धागा कुजतो, म्हणून केसांपेक्षा शिवण चाचपून बघायची. थोडी ओल असतानाच सिरमचे दोन-तीन थेंब टोकांना. जास्त लावलं तर तेलाचीच गत.

त्या गच्च बसलेल्या पट्टीचं काय केलं ते सांगते. पहिली चूक तिला ओलं करण्याची. पाण्याने गाठ आणखी आवळते. पट्टी कोरडीच टेबलावर पसरून शिवणीवर वजन ठेवलं. गुंत्यावर सिरम आणि कंडिशनर जिरवून वीस मिनिटं सोडलं. मग बोटांनी गाठ आडवी फाकवत, शेपटीच्या कंगव्याच्या टोकाने खालच्या कडेने एकेक बट सोडवत गेले. कात्री लागलीच तर गाठीत उभी, केसांच्या दिशेने चालवायची, आडवी कधीच नाही. एका पट्टीला दीड तास लागला आणि मूठभर केस गेले. त्यानंतर टोकं अर्धा इंच कापली आणि मगच धुतली.

मानेजवळच गुंता का होतो? तिथे घाम, मंगळसूत्राची साखळी, ड्रेसचा गळा आणि गाडीवर बांधलेला स्कार्फ सगळं एकत्र घासतं. गाडीवर जाताना केसांची सैल वेणी घालून ती कुर्त्याच्या आत सोडते, आणि सुती स्कार्फच्या आत सॅटिनचा तुकडा. झोपताना क्लिपा काढायच्याच. लग्नसराईत स्प्रे मारून घातलेला अंबाडा घरी आल्यावर विंचरून सोडवू नका. आधी सगळ्या पिना काढा, स्प्रेच्या कडक बटांना कंडिशनर मिसळलेलं पाणी लावून मऊ करा, मग बोटांनी मोकळ्या करा. इस्त्री करायची तर पूर्ण कोरड्या केसाला, उष्णतेपासून वाचवणारा स्प्रे मारून, 150-160 अंशांवर. 180 च्या वर नाही.

टेपचे केस, म्हणजे गोंदाच्या टेपने मुळाशी चिकटवायचे, मी दोनदा लावले, त्याबद्दल थोडंसं. लावल्यावर 48 तास पाणी नाही. डोक्याला तेलाची चंपी बंद, कारण तेलाने गोंद सुटतो. टेपच्या मुळाशी कंडिशनर नाही. आपले केस रोज 50 ते 100 गळतात, ते टेपमध्ये अडकून राहतात आणि शेजारच्या टेपेला मिठी मारतात, म्हणून रोज बोटांनी मुळाशी टेपा वेगळ्या कराव्या लागतात. 6 ते 8 आठवड्यांनी काढताना हातात येणारा पुंजका हा त्याच साठलेल्या केसांचा, घाबरू नका. मात्र कानशिलाजवळ दुखायला लागलं, लाल पुटकुळ्या आल्या, तर आठवडे मोजत बसू नका, लगेच काढून घ्या. ओढ सतत राहिली तर तिथला स्वतःचा केस कायमचा जाऊ शकतो.

ठेवताना कॅरीबॅग नको, आत दमट होतं. पट्ट्यांची सैल वेणी, दोन्ही टोकांना मऊ रबर, आणि सुती उशीचा अभ्रा. पावसाळ्यात त्यात सिलिका जेलची पुडी.

इतकं करूनही वर्षभरात दोन-तीन पट्ट्या हातातून जातातच. मोकळ्या सोडायच्या लायकीच्या राहत नाहीत. त्यांच्या क्लिपा उसवून ठेवायच्या, त्या दुसऱ्या पट्टीला लागतात. केसांची गुंडाळी करून जाळीत बांधली की अंबाड्याच्या आत भरायला तयार. बाजारातल्या स्पंजच्या गोळ्यापेक्षा पिना तिच्यात घट्ट बसतात.