घाटात आधी एसी कोमट होतो, मग काटा चढतो: जुन्या कन्व्हर्टिबलचा उन्हाळी प्रवास

जुनी कन्व्हर्टिबल, म्हणजे छत उघडता येणारी गाडी, मोकळ्या रस्त्यावर भर उन्हातही मजेत पळते. तिचा कस लागतो तो घाटात आणि तुंबलेल्या रहदारीत. आमच्या वाटेवर दोन्ही होतं. गाडी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीची, सहा सिलिंडरांची, काळ्या कापडी छताची आणि कारखान्यातूनच एसी बसवून आलेली. अशी गाडी उन्हाळ्यात लांब न्यायची इच्छा असूनही एसी आणि तापणाऱ्या इंजिनाच्या धास्तीने ती झाकून ठेवणारे बरेच जण आहेत. त्यांनी गाडी बाहेर काढावी म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

सकाळचा टप्पा छत उघडं ठेवून झाला. थर्मोस्टॅट (ठरावीक तापमानाला इंजिनाच्या पाण्याची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) ८२ अंशांचा, इंजिनाच्या तापमानाचा काटा ८५ च्या आसपास ठाम. ऊन चढल्यावर छत लावलं आणि एसी सुरू केला. एसीच्या मधल्या जाळीत मी एक साधा थर्मामीटर खोचून ठेवला होता. ही सवय प्रत्येकाने लावून घ्यावी, कारण घाम आलेल्या माणसाला ‘एसी बरा चाललाय की नाही’ हे अंगाला लागणाऱ्या हवेवरून नीट सांगता येत नाही. वेग होता तोवर आकडा ८ वर होता.

मग घाट लागला. दुसरा गिअर, पुढे ट्रकांची रांग, वारा मागून. थर्मामीटर ८ वरून १९ वर गेला, आणि त्यानंतर थोड्या वेळाने इंजिनाचा काटा ९५ ओलांडून १०५ कडे सरकू लागला. हा क्रम लक्षात ठेवा. एसीचा कंडेन्सर इंजिनाचं पाणी थंड करणाऱ्या रेडिएटरच्या पुढे असतो. समोरून हवा येईनाशी झाली की कंडेन्सरमधला गॅस नीट थंड होऊन द्रवरूप होत नाही, दाब वाढतो आणि गारवा कमी होतो. जी काही थोडी हवा येते ती कंडेन्सरची उष्णता घेऊन थेट रेडिएटरवर आदळते. म्हणजे एसीची आणि इंजिनाची तक्रार वेगवेगळी नाही, दोघांनाही तीच हवा कमी पडते. अशा गाड्यांत एसी कोमट झाला की लोक आधी गॅस भरायला धावतात. माझ्या मते आधी पंखा बघावा.

दादा गाडी चालवत होता. ‘दादा, एसी बंद कर, हीटर पूर्ण लाव,’ एवढंच मी म्हणाले आणि जागा मिळताच गाडी कडेला घेऊन आम्ही छत उघडलं. इथे कन्व्हर्टिबलचा मोठा फायदा होतो. हीटर म्हणजे आत बसवलेला छोटा रेडिएटरच. बंद गाडीत त्याची धग सोसत नाही, उघड्या छताखाली ती निघून जाते. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन मिनिटाला १,५०० ते २,००० फेऱ्यांवर धरलं, म्हणजे पाण्याचा पंप आणि पंखा दोन्ही जोरात फिरतात. काही मिनिटांत काटा ९५ वर आला. मात्र वाफ दिसली, पाणी गळालं किंवा काटा लाल पट्ट्यात गेला, तर इंजिन ताबडतोब बंद करायचं.

आणि गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर ते मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळतं. १५ पीएसआय (दाबाचं एकक) दाब धरणाऱ्या झाकणाखाली हाच बिंदू १२९ च्या आसपास जातो. म्हणून काटा १०५ वर असला तरी पाणी उकळलेलं नसतं. पण तेव्हा झाकण काढलं तर दाब एकदम जातो, आतलं पाणी क्षणात उसळून बाहेर येतं आणि हात-तोंड भाजतं. झाकणाचं रबर कडक झालं असेल तर निघण्यापूर्वीच नवं झाकण घ्या.

थांबल्यावर शोध घेतला. आमच्या गाडीला इंजिनावर चालणारा, विस्कस क्लचचा पंखा आहे. गरम झाल्यावर क्लचमधलं सिलिकॉन तेल पंख्याला घट्ट पकडतं आणि त्याची घरघर आत बसूनही ऐकू येते. ती आलीच नव्हती. इंजिन बंद करून गरम असताना पंखा हाताने फिरवला, तर तो अडथळ्याविना गरगर फिरला आणि मध्यावरून बाहेर पसरलेले तेलकट मळाचे ओघळ दिसले. तेल गळून गेलं होतं. पुढच्या मुक्कामी क्लच बदलून घेतला. त्याच वेळी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत अडकलेली वाळकी पानं आणि किडे काढले. रेडिएटरच्या कडेचा फोम भुगा झाला होता, तोही नवा लावला. हा फोम नसेल तर गाडी उभी असताना बोनेटखालची गरम हवा वळसा घालून पुन्हा पुढे येते आणि पंखा तीच ओढत राहतो. अगदी स्वस्त काम, पण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं.

इंजिन ताळ्यावर आलं तरी एसी म्हणावा तसा गार होईना. हीटरकडे जाणारा गरम पाण्याचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नव्हता. तपासणी सोपी आहे: हीटरची नळी कापड गुंडाळून हळूच चिमट्याने दाबायची. आमचा थर्मामीटर लगेच सहा अंशांनी उतरला. गॅस कितीही भरला असता तरी हा दोष गेला नसता.

गॅसचंही सांगते. या वयाच्या गाड्यांचे एसी मुळात आर-१२ या गॅसवर चालत. ओझोनचा थर वाचवण्यासाठी झालेल्या १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो हद्दपार होत गेला आणि नव्या गाड्यांत आर-१३४ए आला. जुन्यात नवा मिसळू नका. आर-१२ सोबतचं खनिज तेल आर-१३४ए बरोबर वाहत नाही, त्यामुळे कॉम्प्रेसर कोरडा पडतो. एस्टर तेल घालावं. ड्रायर (यंत्रणेतली ओल शोषणारी डबी) आणि ओ-रिंगा (सांध्यांतल्या रबरी कड्या) बदलाव्या, यंत्रणा आतली हवा ओढून काढत निदान अर्धा तास व्हॅक्यूमवर ठेवावी आणि नवा गॅस मूळ वजनाच्या ८० ते ८५ टक्केच भरावा, तोही वजनकाट्यावर. ‘थोडा जास्त टाकू, जास्त गार होईल,’ असं कोणी म्हणालं तर ठाम नकार द्या. जास्त गॅसने दाब वाढतो आणि गारवा घटतो.

उन्हात उभ्या केलेल्या गाडीचं छत आधी उघडा, थोडं अंतर तसंच चालवा, कोंडलेली धग जाऊ द्या. मग छत लावून हवा आतल्या आत फिरवत एसी चालवा. कापडी छताला आधुनिक बंद गाडीसारखा गारवा राखता येत नाही, पण एवढ्याने फरक पडतो.

परतताना तोच घाट एसी चालू ठेवून चढलो. काटा ९६ च्या वर गेला नाही, जाळीतली हवा १२ अंश. जवळ फॅन बेल्ट, रेडिएटरची वरची-खालची होज (रबरी नळी), क्लिपा, थर्मोस्टॅट, शुद्ध पाणी आणि जाड हातमोजे होते. खालच्या होजमध्ये आतली स्प्रिंग आहे ना, हे घेतानाच बघा. ती नसेल तर पंपाच्या ओढीने होज चपटी होऊ शकते. पुढचं काम कंडेन्सरसमोर विजेवरचा जादा पंखा बसवायचं आहे. तो कॉम्प्रेसरबरोबर आपोआप सुरू व्हावा म्हणून वेगळा रिले (विजेने चालणारा स्विच) आणि फ्यूज लावणार, आणि त्याआधी जुन्या अल्टरनेटरला हेडलाइट, ब्लोअर आणि हा पंखा एकत्र झेपतो का ते मोजून घेणार.